दाण्याचा लाडू, चॉकलेटचा अंगरखा

ओहायो राज्याला ‘बकआय स्टेट’ म्हणतात. बकआय हे इथले एक झाड. त्याचे फळ फुटले की आतून तपकिरी, तुकतुकीत बी निघते आणि तिच्यावर एक फिकट गोल ठिपका असतो. हरणाच्या डोळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव. बी विषारी, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच रूपाची एक मिठाई इथे फुटबॉलच्या मोसमापासून नाताळापर्यंत घरोघरी होते आणि तिलाही बकआयच म्हणतात. पीनट बटर आणि पिठीसाखर यांची गोळी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायची आणि डोक्यावरचा थोडा भाग उघडा ठेवायचा, एवढीच तिची कृती.

मराठी माणसाला ही गोळी पहिल्याच घासाला ओळखीची वाटते, कारण मुळात तो दाण्याचा लाडूच आहे. गुळाऐवजी साखर, कुटाऐवजी लोण्यासारखे वाटलेले दाणे, आणि वर चॉकलेटचा अंगरखा. भुईमूग आणि कोको ही दोन्ही दक्षिण अमेरिकेतली पिके. भुईमूग आपल्याकडे युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आला आणि आपल्या फोडणीत आणि उपासात असा मुरला की तो परका होता हे आपण विसरून गेलो. अमेरिकेत या दोन पिकांची जोडी लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या एच. बी. रीस यांना जाते. पूर्वी हर्शी कंपनीच्या दूधफार्मवर नोकरी केलेल्या या गृहस्थांनी पुढे स्वतःचा मिठाईचा धंदा काढला आणि १९२८ मध्ये पीनट बटर कप बाजारात आणले.

पाककृतीच्या पुस्तकात बकआयला दहा ओळी पुरतात. तरीही एका घरच्या गोळ्या चकचकीत आणि कुरकुरीत होतात, तर दुसऱ्या घरच्या बोटांना चिकटतात आणि चार दिवसांत राखाडी पडतात. साहित्य तेच, कपांची मापे तीच. फरक पडतो तो तपमानाने, आणि पाककृती त्याबद्दल बहुधा काही बोलत नाही. या गोळीत तीन स्निग्ध पदार्थ एकत्र नांदतात: दाण्याचे तेल, लोणी आणि कोको बटर. तिघांचे द्रवणांक वेगळे. त्यांचे आपसात कसे जमते हे कळले की पाककृती पाठ करावी लागत नाही.

दाण्यातले तेल

शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो. ते दाण्यात सूक्ष्म पेशींमध्ये कोंडलेले असते. दाणे भाजून मिक्सरमध्ये फिरवले की आधी कूट होते. आणखी फिरवले की कूट ओलसर होऊन लाडू वळण्याजोगे होते. आपण बहुतेक इथे थांबतो. न थांबता फिरवत राहिले, तर त्याचा गोळा होतो आणि मग एकाएकी तो सैल पडून वाहू लागतो. याचे कारण सोपे आहे. कुटात दाण्याचे कण एकमेकांना टेकलेले असतात आणि तेल त्यांच्या फटींत असते. पुरेशा पेशी फुटल्या की तेल इतके सुटते की कण त्यात तरंगू लागतात. हेच पीनट बटर.

तरंगणारे कण कालांतराने तळाशी बसतात आणि तेल वर येते. घरी वाटलेल्या किंवा ‘नॅचरल’ म्हणून मिळणाऱ्या बरणीत ते दिसतेच. नेहमीच्या बरणीत ते का दिसत नाही? जोसेफ रोझफील्ड नावाच्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात शोधलेल्या युक्तीमुळे. त्यांनी तेलाचा थोडा भाग हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केला. या घट्ट भागाचे स्फटिक बरणीभर जाळे विणतात आणि पातळ तेल त्यात अडकून राहते. आज त्यासाठी साधारण १ ते २ टक्के पूर्ण हायड्रोजनीकृत वनस्पती तेल वापरतात. अमेरिकन नियमानुसार ‘पीनट बटर’ म्हणवणाऱ्या मालात किमान ९० टक्के दाणे असावेच लागतात.

बकआयसाठी अशी घट्ट बरणीच बरी. आरोग्याच्या दृष्टीने ‘नॅचरल’ घेणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण मोकळे तेल चॉकलेटचे काय करते ते पुढे येईलच. घरीच वाटायचे असेल, तर भाजण्यापूर्वी दाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्यावेत. इंग्लंडमध्ये १९६० साली हजारो टर्की पक्षी गूढ रीतीने मेले. त्याचे कारण शोधताना भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीतले विष सापडले, ते अफ्लाटॉक्सिन. भाजण्याने ते कमी होते, पण पूर्ण नाहीसे होत नाही. आपल्या आज्या सुपात दाणे निवडत, त्याला असा भक्कम आधार आहे.

कोको बटरची सहा रूपे

चॉकलेट खोलीत घट्ट राहते आणि तोंडात विरघळते, ही करामत कोको बटरची. त्याचे रेणू सहा वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊन स्फटिक बनवतात. रसायन तेच, पण रचना वेगळी, म्हणून द्रवणांकही वेगळा. पहिले रूप सुमारे ६३ अंश फॅरनहाइटलाच वितळते. चौथे ८१ अंशांना, पाचवे ९३ ला आणि सहावे ९७ ला. आपल्याला हवे ते पाचवे. ते खोलीत टणक राहते, कडकन तुटते, चकाकते आणि तोंडातल्या उबेने विरघळते.

अडचण अशी की चॉकलेट वितळवून नुसते थंड होऊ दिले, तर घाईने जमणारी खालची रूपेच आधी तयार होतात. ती मऊ आणि निस्तेज असतात. पाचव्या रूपालाच वाव मिळेल असे तपमान राखण्याच्या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. घरी करायला त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे विरजण. दुधाला विरजण लावतो, तसेच चॉकलेटला चॉकलेटचे लावायचे. दुकानातून आणलेली वडी आधीच टेंपर केलेली, म्हणजे पाचव्या रूपात असते. तिचे दोन भाग वितळवून ११५ अंशांपर्यंत न्यावेत, म्हणजे जुन्या सगळ्या रचना पुसल्या जातात. मग उरलेला तिसरा भाग बारीक चिरून थोडा थोडा घालावा आणि ढवळत ढवळत तपमान ८८ ते ९० अंशांवर आणावे. या पट्ट्यात चौथे रूप टिकू शकत नाही, कारण ते ८१ लाच वितळते. पाचवे मात्र टिकते आणि बाकीच्यांना आपल्या साच्यात ओढून घेते. हे आकडे गडद चॉकलेटचे आहेत. मिल्क चॉकलेटमधल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे त्याला दोनेक अंश कमी, म्हणजे ८६ च्या आसपास लागतात.

जमले की नाही हे पाहण्यासाठी सुरीच्या टोकावर पातळ थर लावून ठेवावा. थंडशा खोलीत तो तीन ते पाच मिनिटांत चकाकी न सोडता घट्ट झाला, तर जमले.

हा खटाटोप टाळण्यासाठी जुन्या पाककृती चॉकलेटमध्ये खाण्याजोगे पॅराफिन मेण किंवा शॉर्टनिंग घालायला सांगतात. त्याने आवरण घट्ट किंवा तुकतुकीत होते हे खरे, पण मेण तोंडात विरघळत नाही आणि शॉर्टनिंगने चॉकलेट नरम पडते. वीस डॉलरच्या आतबाहेर मिळणारा डिजिटल थर्मामीटर हा त्याहून चांगला उपाय.

प्रत्यक्ष कृती

साठेक गोळ्यांसाठी घट्ट पीनट बटर दीड कप, मऊ झालेले बिनमिठाचे लोणी अर्धा कप म्हणजे एक स्टिक, पिठीसाखर तीन ते साडेतीन कप, व्हॅनिला एक चमचा, मीठ चिमूटभर आणि गडद चॉकलेटची वडी १६ औंस. चॉकलेट चिप्स शक्यतो नकोत. भट्टीत आकार टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी असते, त्यामुळे त्या दाट वितळतात आणि आवरण जाड बसते. ‘कँडी मेल्ट्स’ नावाच्या टिकल्यांत तर कोको बटरऐवजी पामसारखी दुसरीच तेले असतात. त्यांना टेंपरिंग लागत नाही, पण चवही चॉकलेटची नसते.

लोणी आणि पीनट बटर फेटून त्यात मीठ, व्हॅनिला आणि चाळलेली साखर घालावी. पीठ हाताला न चिकटता वळता आले की साखर पुरे. सुपारीएवढ्या गोळ्या वळून पार्चमेंट कागदावर मांडाव्यात आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. लोण्याचे काम इथे दिसते: थंडीत ते घट्ट होते आणि गोळी काडीवर टिकते. मात्र बुडवण्यापूर्वी दहा मिनिटे गोळ्या बाहेर काढून ठेवाव्यात. फार गार गोळीवर चॉकलेट आकसून तडकते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. गोळ्या फ्रीजरमध्ये घालण्याचा मोह त्याच कारणाने आवरावा.

चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर, दर अर्ध्या मिनिटाने ढवळत वितळवावे. भांडे आणि चमचा कोरडे ठणठणीत हवेत. पाण्याचे चार थेंब पडले तरी चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा रवाळ गोळा होतो. गोळीच्या माथ्यात टूथपिक खुपसावी, तिला कानापर्यंत डुबी द्यावी, जास्तीचे चॉकलेट निथळू द्यावे आणि कागदावर ठेवून काडीचे भोक बोटाने बुजवावे. मधेच चॉकलेट दाटले तर पाच-दहा सेकंद गरम करावे, पण ९१ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. गेले तर विरजण पुन्हा लावावे लागते.

एकादशीला चालेल का, असे कोणी विचारलेच, तर दाणे चालतात, पण इथल्या पिठीसाखरेत मक्याचा स्टार्च असतो. पुढचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा.

राखाडी बुरा

काही दिवसांनी चॉकलेटवर येणारी राखाडी झाक म्हणजे बुरशी नव्हे. तिचे दोन प्रकार आहेत. बोट ठेवल्यावर विरघळते ती स्निग्धांशाची. खरखरीत लागते आणि विरघळत नाही ती साखरेची, म्हणजे ओल लागून सुकल्याची खूण. दाण्याच्या मिठाईत पहिला प्रकार जास्त, कारण दाण्याचे तेल खोलीच्या तपमानाला पातळच असते आणि ते हळूहळू आवरणात झिरपते. तिथे ते कोको बटरचा काही भाग विरघळवते, आवरण मऊ पाडते, आणि सुटलेले कोको बटर पृष्ठभागावर येऊन नव्याने गोठते. घट्ट पीनट बटर घ्यायचे ते यासाठी. तेल जितके जाळ्यात अडकलेले, तितका हा प्रवास संथ. चांगले टेंपरिंगही त्याला अडवते. गोळ्या हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगल्या राहतात. डबा बाहेर काढल्यावर आतला माल खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडू नये, म्हणजे ओल डब्यावर जमेल, गोळ्यांवर नाही.

डबा देण्यापूर्वी

अशी मिठाई कोणी एकट्याने खायला करत नाही. ती शेजाऱ्यांना, शिक्षकांना दिली जाते, मंडळाच्या कार्यक्रमाला नेली जाते. म्हणून शेवटचा विषय, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

दाण्याची अ‍ॅलर्जी हे अमेरिकन चोचले आहेत, असे आपल्यातले पुष्कळ जण आजही खाजगीत म्हणतात. ते खरे नाही. दाण्यातल्या काही प्रथिनांवर शरीराची संरक्षणव्यवस्था हल्ला चढवते आणि काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. भाजल्याने ही प्रथिने निष्प्रभ होत नाहीत, उलट कोरडे भाजल्याने त्यांचा जोर वाढतो असे प्रयोगांत दिसले आहे. अशा वेळी एपिनेफ्रिनचे इंजेक्शन लगेच द्यायचे आणि ९११ ला फोन करायचा. अ‍ॅलर्जीची साधी गोळी देऊन वाट पाहत बसायचे नाही.

या प्रश्नाचा इतिहासही बोधप्रद आहे. २००० साली इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला, की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नयेत. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी एका पाहणीत दिसले, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या दसपट आहे. इस्राएलमध्ये तान्ह्या मुलांना दाण्याचे कुरकुरे सर्रास देतात. मग लंडनमध्ये जास्त धोक्याच्या ६४० बालकांवर प्रयोग झाला. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा: वर्षाच्या आत दाणे खायला लागलेल्या मुलांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचे प्रमाण ३.२ टक्के, न खाल्लेल्यांत १७.२ टक्के. २०१७ पासून अमेरिकेतही दाणे लवकर देण्याचाच सल्ला आहे. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला मात्र आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा बाळाला कधीच देऊ नये, तो घशात अडकतो. आणि ज्या मुलाला अ‍ॅलर्जी झालेली आहे, त्याला ‘थोडे थोडे खाऊन सवय होईल’ म्हणून घरच्या घरी भरवणे जिवावर बेतू शकते.

आपली जबाबदारी जरा जास्तच आहे, कारण मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट कुठे नसते? काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, लसणाची चटणी. आपल्या सार्वजनिक जेवणात ‘कांदा-लसूण नाही’ अशी पाटी आपण आठवणीने लावतो, पण ‘यात दाणे आहेत’ अशी पाटी मी क्वचितच पाहिली आहे. पदार्थ दिसताना निरागस असतो आणि एकाच डावाने तीन भांडी वाढली जातात. २००४ च्या कायद्याने २००६ पासून कारखान्याच्या पाकिटावर दाण्याचा स्पष्ट उल्लेख सक्तीचा आहे. घरच्या डब्याला तो कायदा लागू नाही, म्हणून तिथे आपणच लिहायचे.

ज्यांना दाणे चालत नाहीत त्यांच्यासाठी सूर्यफुलाच्या बियांच्या बटरने हीच कृती त्याच मापाने होते. पण ती आधी करावी, स्वच्छ भांड्यांत, आणि चॉकलेटच्या पाकिटावर दाण्यांचा उल्लेख नाही हे वाचून. ‘दाण्याचा अंश असू शकेल’ ही सूचना छापणे कंपनीच्या मर्जीवर असते, तेव्हा शंका असेल तर त्या मुलाच्या आईवडिलांना कंपनीचे नाव सांगून विचारावे. बाकीच्या डब्यांच्या झाकणावर, आत नव्हे, ठळक अक्षरांत लिहावे: शेंगदाणे, दूध. चॉकलेटच्या पाकिटावर सोया लिहिलेले असेल तर सोयाही. आणि इंग्रजीतही लिहावे, कारण डबा उघडणारे मूल मराठी वाचू शकेलच असे नाही.