नकाशातील ठिपके आणि रेषा

गोव्यात जमिनीचा व्यवहार म्हटला की एक-चौदाच्या उताऱ्यापाठोपाठ सर्वेक्षणाचा नकाशा आलाच. खरेदी-विक्री असो, भावाभावांतील वाटणी असो वा घरबांधणीचा परवाना असो. नकाशावाचून कोणाचेच काम पुढे सरकत नाही. पूर्वी असे नकाशे मूळ कागदावरून हाताने उतरवून घेतले जात. पुढे केंद्र शासनाने २००८ साली राष्ट्रीय भू-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हाती घेतला व २०१६ साली त्याला ‘डिजिटल इंडिया भू-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’ असे रूप मिळाले. गावोगावच्या जुन्या नकाशांचे संगणकीकरण हे या कार्यक्रमाचे एक महत्त्वाचे अंग होय.

तथापि संगणकात साठविलेला प्रत्येक नकाशा एकाच जातीचा नसतो. काही नकाशे ठिपक्यांचे असतात, तर काही रेषांचे. पहिल्या प्रकारास बिटमॅप व दुसऱ्यास व्हेक्टर असे म्हणतात. पडद्यावर दोन्ही प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. परंतु त्यांचे गुण व मर्यादा भिन्न आहेत. त्या ध्यानात न घेतल्यास बांधावरचा वाद मिटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक.

ठिपक्यांचे चित्र

घराच्या दारावर लावलेले मण्यांचे तोरण दुरून पाहिले, तर त्यात पोपट, कलश किंवा कमळ स्पष्ट दिसते. जवळ जाऊन पाहिल्यास दिसतात ते केवळ रांगेत ओवलेले रंगीत मणी. बिटमॅप चित्राची रचना नेमकी अशीच असते. त्यातील प्रत्येक मण्याला पिक्सेल म्हणतात. कोणत्या रांगेतील कोणता ठिपका कोणत्या रंगाचा, एवढीच नोंद संगणक ठेवतो. त्या ठिपक्यांतून रेषा उमटली आहे की अक्षर, याची त्याला जाणीव नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली छायाचित्र प्रथमच संगणकात उतरविले. कर्श यांच्या तान्ह्या मुलाच्या त्या चित्रात १७६ रांगा व प्रत्येक रांगेत १७६, म्हणजे एकंदर ३०,९७६ ठिपके होते. आज ए-फोर आकाराचा साधा कागद एका इंचात ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी तीन बाईट धरल्यास ही नोंद २ कोटी ६१ लाख बाईटच्या घरात जाते.

एवढे असूनही एक उणीव राहतेच. चित्र मोठे केले की मणी मोठे होतात. नवे मणी त्यात येत नाहीत. रेषांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. पत्राच्या शीर्षावरील लहान बोधचिन्ह फलकासाठी वाढविले असता ते ओबडधोबड दिसते, त्याचे कारण हेच.

रेषांचे चित्र

विहीर खणण्यापूर्वी तिचे वर्तुळ आखताना मध्यभागी खुंटी ठोकतात व तिला बांधलेली दोरी ताणून सभोवार फिरवितात. खुंटीची जागा व दोरीची लांबी एवढ्या दोन गोष्टी ठाऊक असल्या की वर्तुळ केव्हाही पुन्हा आखता येते. दोरी दुप्पट केली तर वर्तुळ मोठे होते. त्याची गोलाई बिघडत नाही. व्हेक्टर चित्रात संगणक अशीच मापे जतन करतो. चौकोनी भूखंडाचे चारही कोपरे कोठे आहेत, याचे अंक त्याच्याजवळ असतात व त्यांवरून तो दर वेळी रेषा नव्याने आखतो. म्हणूनच नकाशा कितीही मोठा केला तरी रेषा रेखीव राहते.

वळणदार रेषा अंकांत बसविण्याची रीत फ्रान्समधील मोटार उद्योगात १९६०च्या सुमारास विकसित झाली. सिट्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो व रेनॉमधील पिएर बेझिए यांनी मोटारींच्या बाह्याकारासाठी हे गणित योजिले. आज संगणकावरील देवनागरी अक्षरांची वळणेही बहुधा अशाच वक्ररेषांनी साठविलेली असतात. मात्र छायाचित्रातील चेहऱ्यावरच्या छाया-प्रकाशाच्या असंख्य छटा मोजक्या रेषांत बांधता येत नाहीत. तेथे ठिपकेच योग्य.

हद्दीचा प्रश्न

आता नकाशाकडे वळू. एकास हजार या प्रमाणाच्या नकाशात कागदावरील एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवरील एक मीटर. असा नकाशा इंचास ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केल्यास एक ठिपका जमिनीवरची सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांबी दाखवितो. इंचास १०० ठिपकेच घेतल्यास हीच लांबी सुमारे २५ सेंटिमीटर होते. मूळ शाईची रेषा अर्धा मिलीमीटर जाड असली, तर तिच्याखाली अर्ध्या मीटरची पट्टी झाकली जाते. नारळाच्या झाडाची वा कुंपणाच्या भिंतीची मालकी कधीकधी एवढ्याशा पट्टीवर अवलंबून असते.

असे असले तरी स्कॅन केलेला नकाशा कमी मोलाचा नव्हे. मूळ कागदावरील सही, शिक्का, दुरुस्ती व शेरा तो जसाच्या तसा दाखवितो. जुन्या अभिलेखाचा तो विश्वासू साक्षीदार होय.

व्हेक्टर नकाशाचे लाभ वेगळे. त्यावरून बाजूंची लांबी व क्षेत्रफळ संगणक क्षणात काढतो, प्रत्येक भूखंड त्याच्या सर्व्हे नंबरशी जोडता येतो आणि पोटविभागणी करणे सुलभ होते. परंतु असे नकाशे पुष्कळदा जुन्या नकाशाच्या स्कॅनवरूनच एकेक कोपरा टिपून तयार होतात. मूळ कागद आकसलेला असेल, घडीवर फाटलेला असेल किंवा टिपणाऱ्याचा हात किंचित चुकला असेल, तर ती चूक नव्या रेषेतही उतरते. फरक इतकाच की जुन्या नकाशात जाड, पुसट रेषा पाहून शंका येते. नव्या नकाशातील केसासारखी बारीक रेषा पाहून शंका येत नाही. रेषा रेखीव झाली म्हणजे हद्द अचूक झाली, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. हद्दीची अचूकता ठरते ती प्रत्यक्ष जागेवरील मोजणीने.

नागरिकांसाठी सूचना

हाती आलेला नकाशा कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे कठीण नाही. पडद्यावर तो अनेक पटींनी मोठा करून पाहावा. कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर तो ठिपक्यांचा. रेषा शेवटपर्यंत स्वच्छ राहिली तर रेषांचा. पीडीएफ या नावावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण तिच्यात दोन्ही प्रकार मावतात.

मोबाईलने काढलेल्या नकाशाच्या छायाचित्रावरून मोजमाप करू नये. कॅमेरा थोडा तिरका झाला तरी बाजूंचे प्रमाण बदलते. छपाई करताना नकाशा कागदावर बसविण्यासाठी लहान केला गेला, तर त्यावर छापलेले ‘एकास हजार’ हे प्रमाण लागू राहत नाही. नकाशावर आखलेली मापपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान होत असल्यामुळे तिचा आधार घ्यावा. जुनी प्रमाणित प्रत नवी प्रत मिळाल्यावरही जपून ठेवावी व दोहोंत तफावत दिसल्यास रीतसर मोजणीसाठी अर्ज करावा.

ठिपक्यांचा नकाशा जुन्या कागदावर काय होते ते सांगतो. रेषांचा नकाशा त्यावरून हिशेब करून देतो. दोन्ही जवळ ठेवून जो जमिनीच्या बांधावर उभा राहील, त्याची फसगत होण्याचा संभव कमी.