'छान' म्हणजे नेमकं कसं?

वर्णन लिहा म्हटलं की प्राथमिक शाळेतली मुलं विशेषणं पेरतात: सुंदर बाग, छान फळ. ही संवेदनभाषा (डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांना जाणवलेलं सांगणारे शब्द) नव्हे. ते मत झालं. जेवण 'मस्त' होतं म्हटल्यानं ताटात काय होतं ते थोडंच कळतं? वरुड-मोर्शीचं संत्रं घ्या. सोलताना सालीतल्या तेलाचे तुषार उडतात, डोळ्यांत झोंबतात, वास बोटांना राहतो. फोड आंबटगोड, बी चावली तर कडू. विशेषणं वर्ज्य नाहीत. 'कडू' हेही विशेषणच. अकोल्याकडे कापूस हाताशीच असतो: वरून मऊ, आत सरकी टणक. 'पांढरा' हाही संवेदनशब्द, पण बरीच मुलं तिथेच थांबतात. मुलांना एवढंच विचारावं, 'हे कशानं कळलं?' नाकानं, जिभेनं असं उत्तर आलं, की त्या शब्दाखाली रेघ ओढायची.