अर्थविज्ञानाचा पहिला पाठ

भाषाविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ध्वनिविचार, रूपविचार, वाक्यविचार आणि अर्थविचार ही अंगे सामान्यतः याच क्रमाने शिकविली जातात. पहिल्या तीन अंगांत शिक्षकाला काही ना काही दाखविता येते. 'त' आणि 'थ' यांतील भेद सांगताना तोंडासमोर तळहात धरावयास सांगितले, की 'थ' उच्चारताना बाहेर पडणारा श्वास विद्यार्थ्याला स्वतःच जाणवतो. 'घर', 'घरात', 'घरून' ही रूपे फळ्यावर एकाखाली एक मांडता येतात. अर्थ मात्र असा मांडून दाखविता येत नाही. परिणामी अर्थविचाराच्या तासाला शिक्षक व्याख्या सांगतो, विद्यार्थी त्या उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात.

असे का होते आणि ते टाळावयाचे तर आरंभ कोठून करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या वाचकांपैकी अनेक जण पालीचे विद्यार्थी वा शिक्षक आहेत. काही विहारातून धम्मवर्ग चालवितात. शब्दाचा अर्थ कसा ठरवावा, हा प्रश्न त्यांच्यासमोर नित्य उभा राहतो. तेव्हा हा विषय केवळ विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

नाव नवे, विचार जुना

या शास्त्राला आज युरोपात जे नाव रूढ आहे, ते मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने १८८३ साली सुचविले आणि १८९७ साली या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र अर्थाचा विचार भारतात त्याहून फार प्राचीन आहे. यास्क व पतंजली यांनी तो केलाच. बौद्ध परंपरेनेही 'अत्थ' आणि 'ब्यञ्जन', म्हणजे आशय आणि शब्दरूप, यांचा भेद पहिल्यापासून मानला. चार पटिसम्भिदांमध्ये अत्थ, धम्म, निरुत्ति आणि पटिभान यांची स्वतंत्र गणना आहे. शब्द पाठ असणे व अर्थ कळणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, ही जाणीव त्यामागे आहे. अर्थविज्ञानाच्या शिक्षकाने नेमकी हीच जाणीव विद्यार्थ्यात प्रथम निर्माण करावयाची असते.

शब्द म्हणजे वस्तू नव्हे

'अर्थ म्हणजे काय?' असे नवख्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. शब्द ज्या वस्तूला लावतात ती वस्तू म्हणजे अर्थ, हे पहिले. शब्दकोशात दिलेला असतो तो अर्थ, हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पण तसे सांगून उपयोग नाही, त्याला ते आढळून आले पाहिजे.

त्यासाठी स्वयंपाकघरातील एक भांडे पुरेसे आहे. ज्यात भात शिजवितात त्याला मुंबईचा विद्यार्थी 'टोप' म्हणेल, पुण्याचा 'पातेले', मराठवाड्यातला 'भगुने' आणि विदर्भातला 'गंज'. वस्तू एक, नावे चार. उलट, 'गंज' म्हटल्यावर पुण्याच्या विद्यार्थ्याच्या मनात लोखंडावर चढणारा तांबडा थर येतो. नाव एक, वस्तू दोन. शब्द आणि वस्तू यांचा संबंध निसर्गाने बांधलेला नाही, तो लोकव्यवहाराने ठरतो, हे एवढ्यावरून वर्गाला उमगते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील मूलभूत सिद्धान्त हाच आहे.

मज्झिम निकायातील अरणविभङ्ग सुत्तात तथागतांनी नेमके भांड्याचेच उदाहरण घेतले आहे. एकाच पात्राला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे आहेत. आपल्याच जनपदाचा शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट भिक्खूने धरू नये, आणि रूढ व्यवहार झुगारूनही देऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. बोलीतील शब्द वर्गात उच्चारण्यास संकोचणाऱ्या विद्यार्थ्याला हे अवश्य सांगावे. 'गंज' म्हणणारा चुकत नसतो. तो भाषाविज्ञानाला उदाहरण पुरवीत असतो.

निर्देश एक, आशय भिन्न

दुसरी पायरी यापुढची आहे. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोट्लोब फ्रेगे यांनी १८९२ साली एक प्रसिद्ध भेद मांडला. पहाटेचा तारा आणि सायंकाळचा तारा ही दोन्ही नावे शुक्र या एकाच ग्रहाचा निर्देश करतात. तरीही 'पहाटेचा तारा म्हणजेच सायंकाळचा तारा' हे वाक्य आपल्याला नवी माहिती देते. म्हणजे ज्याचा निर्देश होतो ती वस्तू एक असली, तरी ती ज्या रीतीने समोर ठेवली जाते तो आशय भिन्न असतो.

शुक्राचे उदाहरण विद्यार्थी ऐकून घेतात. पण हा भेद त्यांच्या अंगी मुरावा असे वाटत असेल, तर 'अस्पृश्य', 'बहिष्कृत', 'हरिजन', 'दलित' आणि 'अनुसूचित जाती' हे पाच शब्द फळ्यावर लिहावेत. या सर्वांचा निर्देश स्थूलमानाने एकाच समाजाकडे होतो. मग ते समानार्थी आहेत काय? एकाच वाक्यात एकाच्या जागी दुसरा घालून पाहावा. 'अनुसूचित जातीचा दाखला' म्हणता येते, 'बहिष्कृताचा दाखला' म्हणता येत नाही.

यापुढे शब्दांची घडण पाहावी. 'अस्पृश्य' म्हणजे स्पर्श करण्यास अयोग्य. हा शब्द दोष त्या माणसाच्या ठिकाणी असल्याचे सुचवितो. 'बहिष्कृत' व 'दलित' हे शब्द कोणीतरी केलेल्या कृतीचा परिणाम सांगतात. बाहेर टाकले गेलेले म्हटले, की बाहेर टाकणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'हरिजन' शब्दात दोषही नाही आणि करणाराही नाही. अन्यायाचा मागमूसच त्यातून पुसला गेला आहे. 'अनुसूचित जाती' हा शब्द तर कोणतेच वर्णन करीत नाही. तो केवळ एका यादीकडे बोट दाखवितो. ती यादी बदलली की शब्दाची व्याप्ती बदलते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला तेव्हा माणसे तीच होती, बदलली ती व्याप्ती.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात 'हरिजन' हा शब्द घालण्यास स्वतंत्र मजूर पक्षाने हरकत घेतली. ती मानली न गेल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. निर्देश तोच राहिला असता, तरी आशय त्यांना मान्य नव्हता. 'नावात काय आहे' असे म्हणणाऱ्याला फ्रेगे आणि बाबासाहेब या दोघांचेही उत्तर एकच आहे. नावात आशय आहे.

ओळखीच्या शब्दांचा चकवा

तिसरी पायरी अर्थबदलाची. मराठी विद्यार्थी पालीकडे वळतो तेव्हा अनोळखी शब्द त्याला फारसे फसवीत नाहीत, कारण तो कोश उघडतो. फसवितात ते ओळखीचे शब्द. पाच खंध घ्या : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचही शब्द मराठीत नित्याचे आहेत, आणि पाचही ठिकाणी मराठी अर्थ आड येतो.

मराठीत 'रूप' म्हटले की सौंदर्य वा बाह्य आकार. येथे समग्र भौतिक अंग. मराठीत 'वेदना' म्हणजे दुःखच. पालीत वेदना सुख, दुःख आणि दोन्ही नसलेली अशी तीन प्रकारची आहे. 'सुख वेदना' हा शब्दप्रयोग मराठी कानाला विसंगत वाटतो, आणि म्हणूनच तो वर्गात उपयुक्त आहे. 'संज्ञा' म्हणजे मराठीत पारिभाषिक नाव. येथे वस्तू ओळखण्याची क्रिया. 'संस्कार' म्हणजे मराठीत विधी किंवा घरचे वळण. येथे कर्म घडविणाऱ्या मानसिक प्रवृत्ती. 'विज्ञान' म्हणजे मराठीत सायन्स. येथे डोळा, कान इत्यादी द्वारांनी उत्पन्न होणारी जाणीव. शब्द टिकून राहतो आणि अर्थ सरकतो, हे अर्थविज्ञानाचे तत्त्व शिकविण्यास याहून चांगली उदाहरणे शोधून सापडणार नाहीत.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याच धोक्यासाठी स्वतंत्र भाग योजिला आहे. कर्म, पुनर्जन्म, अहिंसा हे शब्द दोन परंपरांत समान दिसतात, पण शब्दांच्या सारखेपणाखाली मूलभूत भेद झाकला जातो, हे त्यांनी तेथे सविस्तर दाखविले आहे. धम्मविषयक प्रतिपादन म्हणून तो भाग सर्वांनी वाचला आहे. अर्थविज्ञानाचा पाठ म्हणूनही तो वाचावा.

'जात' या शब्दाची परीक्षा

एकाच शब्दात दोन अर्थ दडलेले असतील तर ते वेगळे कसे करावेत? 'आंब्याची जात', 'कापसाची जात', 'माणसाची जात' ही तीन पदे विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे : ही जात कशावरून ओळखाल? हापूस व पायरी फळावरून ओळखता येतात. कापसाच्या जाती धाग्याच्या लांबीवरून सांगता येतात. तिसऱ्या ठिकाणी विद्यार्थी थांबतो. आडनाव, गाव, दाखला, असे काहीबाही तो सांगतो, पण शरीरावरील कोणतेही चिन्ह त्याला सांगता येत नाही.

वासेट्ठ सुत्ताची मांडणी अशीच आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा वाद घेऊन दोन तरुण तथागतांकडे येतात. तेव्हा गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींना वेगळे करणारी चिन्हे असतात, माणसांत तशी नाहीत, माणसांतील भेद केवळ व्यवहारातील नावांनी झालेला आहे, असे त्यांना समजावून सांगितले जाते. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. ही नावे कृतीवरून पडली आहेत. अर्थविज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर, 'जाति' हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या निकषांवर वापरला जातो, आणि एकाचा निकष दुसऱ्यास लावण्याची फसवणूक येथे उघड केली आहे.

वाक्यातील न बोललेला अर्थ

शब्दांनंतर वाक्य. वाक्य जे उघड सांगते त्याखेरीज ते काही गृहीतही धरते. गृहीत ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे वाक्य नकारार्थी करून पाहणे. 'त्याने विडी सोडली' आणि 'त्याने विडी सोडली नाही', दोन्ही वाक्यांत तो पूर्वी विडी ओढत होता हे कायम राहते. नकारानेही जे पुसले जात नाही ते पूर्वगृहीत.

मराठीतील लहान अव्यये या बाबतीत फार बोलकी आहेत. 'तू पास झालास' आणि 'तूसुद्धा पास झालास' या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. पण दुसऱ्या वाक्यातील 'सुद्धा' सुचविते की तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. घरात प्रथमच शिकणाऱ्या अनेक मुलामुलींनी हे 'सुद्धा' ऐकलेले असते. त्यात अपशब्द एकही नसतो, म्हणून तक्रारही करता येत नाही; आपल्याला नेमके काय बोचले हे सांगण्यासाठी शब्द सापडत नाहीत. अर्थविज्ञान ते शब्द पुरविते. बोलणाऱ्याने जे सांगितले ते अभिनंदन होते, जे सूचित केले ते नव्हते.

'आम्ही' आणि 'आपण' यांचेही तसेच. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हणताना सामावला जातो. 'हे आमचे तळे' आणि 'हे आपले तळे' यांत पाण्याचा थेंबही बदलत नाही. बदलतो तो ओंजळ भरण्याचा अधिकार. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जो संघर्ष झाला त्याचा आशय या दोन सर्वनामांत मावतो, हे विद्यार्थ्यास एकदा दाखविले, की सर्वनामांचा तक्ता त्याला नव्याने पाठ करावा लागत नाही.

शिक्षकाने काय करावे

'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात नागसेन स्थविर राजाला रथाची व्याख्या सांगत नाहीत. दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे एकेक विचारतात, आणि राजा प्रत्येक वेळी स्वतःच नाही म्हणतो. शेवटी 'रथ' हे सर्व अवयवांच्या आधाराने चालणारे व्यवहारातील नाव आहे, हे राजाच्याच तोंडून बाहेर पडते. आरंभीच्या वर्गासाठी हीच पद्धती योग्य होय.

पहिल्या काही आठवड्यांत व्याख्या आणि तर्कशास्त्रीय चिन्हे दूर ठेवावीत. त्याऐवजी तीन प्रश्नांची सवय लावावी. या शब्दाच्या जागी दुसरा घालता येईल काय? हे वाक्य नाकारले तर काय उरते? हा शब्द कोणत्या शब्दांपासून वेगळा आहे? तिसऱ्या प्रश्नामागे तर दिङ्नागांची थोर परंपरा आहे; 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथात त्यांनी प्रतिपादिलेल्या अपोह सिद्धान्तानुसार शब्द आपला अर्थ इतरांना वगळूनच सांगतो. उदाहरणे विद्यार्थ्यांनी आपल्या घरून, बाजारातून, वर्तमानपत्रातून आणावीत. पारिभाषिक नावे त्यानंतर द्यावीत. तोवर ती कशासाठी हवीत हे वर्गाला कळलेले असते.

एक प्रश्न सत्राच्या अखेरीस अवश्य विचारावा : 'नवबौद्ध' या शब्दातील 'नव' कोणत्या दिवशी संपते? १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे बौद्ध घरात जन्मली. त्यांनी कोणताही धर्म बदललेला नाही. मग त्यांना लावलेले 'नव' काय सांगते, काय गृहीत धरते, आणि ते काढले तर निर्देश बदलतो की आशय? या प्रश्नाला जो विद्यार्थी आपल्या शब्दांत उत्तर देईल, त्याला अर्थविज्ञानाचा पहिला पाठ समजला असे खुशाल मानावे.