शिकलेला माणूस का टिकतो?

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली येथील आपल्या पेढ्यांचे रूप आता पालटले आहे. मुनीमजींच्या जागी वाणिज्य शाखेचे द्विपदवीधर आले, राइस मिलमध्ये अभियंता आला; घरातही एमबीए झालेला मुलगा व सीए सून आहे. तरीही समाजबंधूंच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘‘पगार चांगला देतो, तरी दीड-दोन वर्षांत माणूस नागपूर-पुण्याची वाट धरतो.’’ या तक्रारीचे उत्तर मला फार उशिरा, आणि तेही माझ्याच चुकीतून मिळाले.

बँकेच्या सेवेत असताना याच भागातील एका शाखेचा मी व्यवस्थापक होतो. तेथे एक तरुण कृषी अधिकारी रुजू झाला. कृषिशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. सहा महिन्यांत त्याने परिसरातील माजी मालगुजारी तलाव पाहिले, त्यांच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलला आणि कर्जफेडीची मुदत धानविक्रीच्या हंगामाशी कशी जुळवावी, याचे टिपण माझ्यासमोर ठेवले. ‘‘वाचतो’’ म्हणून मी ते कपाटात ठेवले. मार्चअखेर जवळ आली होती, माणसे कमी होती. त्याला काउंटरवर बसविले. मार्च सरला, तो मात्र काउंटरवरच राहिला. पुढे तो वेळेवर येई, वेळेवर जाई. दुसरे टिपण त्याने लिहिले नाही. दीड वर्षाने राजीनामा दिला. मी पगाराचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, पगाराची तक्रार नाही. ते टिपण वाचून आपण चुकीचे ठरविले असते, तरी मी थांबलो असतो.’’

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच जंगलमुलखात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालयाची रचना आदिवासींनाच विचारली. त्यातून मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा, माँ दंतेश्वरीच्या नावाचा दवाखाना उभा राहिला. नवजात बालके का दगावतात, हा प्रश्न गावातलाच होता. गावच्या आरोग्यदूतांना घरोघरी उपचार करण्याचे प्रशिक्षण दिले, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संस्थेच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘निर्माण’ उपक्रमातून आलेले काही तरुण डॉक्टर, अभियंतेही या दुर्गम भागात काम करण्यास आले.

हेमलकशाचेही तसेच. २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यानंतर डॉक्टर झालेले दिगंत आणि अभियंता अनिकेत हे पुत्रही काम करू लागले. आपली शिकलेली मुले पेढीवर परततील का, या चिंतेत असलेल्या पालकांनी याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, ‘‘ती सेवा, आपला व्यापार. ध्येयवाद पगारपत्रकात कसा बसवावा?’’ आक्षेप रास्त आहे, आणि योग्य वेतनाला पर्याय नाही, हेही खरे. परंतु या कामांतील एक गोष्ट पेढीवरही आणता येते. तेथे शिकलेल्या माणसासमोर खरा प्रश्न होता, त्याचे उत्तर मोजले जात होते आणि त्या उत्तराने कामाची पद्धत बदलत होती.

आपण बहुधा उलट करतो. अभियंत्याला बारदाना मोजायला लावतो, लेखापालाला केवळ पावत्या फाडायला. त्याऐवजी अभियंत्याला विचारावे : भरडाईत कणी का वाढते, क्विंटलमागे वीज किती लागते? लेखापालाला विचारावे : कोणत्या गावाची उधारी किती दिवस अडकते, त्यावर आपले व्याज किती जाते? त्यासाठी आवश्यक त्या वह्या त्याच्यासमोर उघड्या कराव्यात. ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय त्याला घेऊ द्यावा. त्याची सूचना मान्य नसेल, तर कारण सांगावे. ग्राहकांसमोर मात्र त्याला टोकू नये. हाच न्याय घरच्या सुनेलाही लावावा. तिची सीएची पदवी भिंतीवर आणि वह्या सासऱ्यांच्या तिजोरीत, असे असेल तर तिचे मन पेढीत कसे रमावे?

निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामे करताना ते टिपण हाती आले. उभ्या उभ्याच वाचले. मुदतीचा त्याचा हिशेब अचूक होता. शाखेतील कितीतरी थकीत खाती मला त्या क्षणी आठवली. आपल्या पेढीवरील कपाटात असे एखादे टिपण पडून असेल, तर ते आजच वाचावे. लिहिणारा अद्याप आपल्याकडे कामावर आहे, तोवर.