अस्सल एक, प्रती अनेक : चांदा-गडचिरोलीच्या कागदपत्रांकरितां साधा मजकूर व मुक्त साधनें

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, व त्या एकत्र जिल्ह्यास पूर्वीं चांदा म्हणत. गोंड राजांची राजधानी, मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल, १८५४ पासून प्रत्यक्ष इंग्रजी राज्य, अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या, १९५६ पर्यंत मध्यप्रांत व मध्यप्रदेश, आणि १९६० पासून महाराष्ट्र, इतक्या राजवटी या रानांनीं पाहिल्या. प्रत्येकीनें आपापल्या लिपींत व भाषेंत कागद मागें ठेवले. प्रस्तुत लेखांत त्या कागदांतील इतिहासाचा विचार करावयाचा नसून, ते एकदां वाचून उतरून घेतल्यावर तो उतारा कोणत्या रूपांत ठेवावा, व त्यावरून छापील पुस्तक, पडद्यावरचें पान वगैरे प्रती कशा काढाव्या, इतकाच प्रश्न घेतला आहे. विषय यंत्राचा दिसला तरी तो नक्कल शुद्ध राखण्याचाच आहे, आणि तें काम संशोधकाचें आहे.

(१) कागदाचें आजचें मोल

घरबांधणीचें लांकूड, सरपण, बांबू, गवत, चराई अशा गरजांसाठीं गांवानें भोंवतालच्या रानाचा उपभोग घेण्याचा जो रिवाज, त्यास या भागांत निस्तार म्हणतात. तो ज्या सरकारी कागदांत नोंदला जातो तीं निस्तारपत्रकें व वाजिब-उल-अर्ज होत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत कलमें १६१ व १६५ येथें त्यांची तरतूद आहे. पुढें २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें निस्तारासारखे सामूहिक हक्क, मग ते संस्थानांतील असोत कीं जमीनदारींतील, स्पष्ट शब्दांनीं मान्य केले. आणि त्याखालील नियमांनीं गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे इत्यादि सार्वजनिक कागद पुराव्यांत धरले. मेजर ल्युसी-स्मिथ याचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल किंवा १९०९ चें गॅझेटियर हे ग्रंथ त्यामुळें केवळ कपाटाची शोभा राहिले नाहींत. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यांतील पांचगांवास तो २०१२ सालीं मिळाला. एकट्या गडचिरोलींत अशा ग्रामसभांची संख्या हजारावर गेली आहे. अशा ठिकाणीं नकलेंतील एक आंकडा चुकला तर ती नुसती विद्वानांच्या वादाची बाब राहत नाहीं. गांवाच्या हक्काच्या पुराव्यासच तेथें बाध येतो.

(२) साधा मजकूर म्हणजे काय

साधा मजकूर म्हणजे केवळ अक्षरांची ओळ. अक्षराचा आकार, जाडी, समास यांची छुपी नोंद तींत नसते. मथळा, यादी, टीप हीं दाखवावयाचीं झाल्यास तींही डोळ्यांस दिसणाऱ्या चिन्हांनींच दाखवावीं लागतात. असा मजकूर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही लेखन-सॉफ्टवेअरमध्यें उघडतो. दोन वाचकांनीं एकाच कागदाचीं केलेलीं दोन वाचनें ओळीस ओळ लावून ताडतां येतात. लिनस टॉरवाल्ड्स यानें २००५ सालीं रचलेल्या गिट या साधनानें कोणीं, केव्हां, कोणतें अक्षर बदललें याची नोंद आपोआप राहते. म्हणजे पाठभेदाची वहीच ती.

शिवाय तो हलका असतो. यूटीएफ-८ या रूढ पद्धतींत देवनागरीचें एक चिन्ह ३ बाइट जागा घेतें; तेव्हां दोन हजार चिन्हांचें पान सुमारें ६ किलोबाइटांत मावतें. त्याच पानाच्या चांगल्या छायाचित्रास याच्या शेंकडों पट जागा लागते. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. अशा मुलुखांत क्षीण नेटवर्कवरून काय धाडतां येईल, हा प्रश्न गौण नव्हे.

(३) जुन्या फॉन्टांचा धडा

युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर बहुधा अशा फॉन्टांत टंकित होई, कीं ज्यांत देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेलीं असत. भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतपद्धति १९९१ सालीं ठरलेली असूनही छपाईच्या धंद्यांत प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी राहिली. परिणाम असा कीं, तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं मोठ्या कष्टानें उतरलेले कागद अशा रीतीनें पुन्हां मुके झाले आहेत. मूळ कागद शंभर वर्षें टिकला व त्याची नक्कल पंचवीस वर्षेंही टिकली नाहीं, ही गोष्ट लाजिरवाणी खरी. पण तिच्यापासून घ्यावयाचा धडा सोपा आहे. उतारा युनिकोडांत व साध्या मजकुरांत असावा, आणि छपाईचें रूप त्यावरून काढावें, त्यांत मिसळूं नये.

(४) हातीं असलेलीं साधनें

साध्या मजकुरांत मथळे, याद्या, टीपा दाखविण्याची मार्कडाउन नांवाची सुटसुटीत रीत जॉन ग्रूबर यानें २००४ सालीं प्रसिद्ध केली. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं २००६ पासून पँडॉक हें साधन रचलें. तें असा मजकूर घेऊन त्याचें वेबपान, वर्ड-फाईल, ई-पुस्तक किंवा पीडीएफ करून देतें. पीडीएफ करितांना अक्षरजुळणीचें काम बहुधा डोनाल्ड कनूथ यांच्या टेक् या प्रणालीच्या वंशजांकडे जातें. त्यांपैकीं जोनाथन क्यू यांनीं २००४ सालीं काढलेलें झीटेक युनिकोड व देवनागरी नीट जाणतें. फॉन्टांमध्यें मुंबईच्या आयआयटीचा शोभिका आहे. हीं सर्व साधनें मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची घडण उघडी असून ती वाचण्याची, सुधारण्याची व वांटण्याची सर्वांस मुभा आहे. फुकट मिळणें हा त्यांचा लहान गुण. आपल्या भाषेच्या गरजेप्रमाणें त्यांत दुरुस्ती करतां येते, हा मोठा.

(५) लिहितांना येणारे दोष

हीं साधनें मुख्यतः रोमन लिपीच्या संवयींवर वाढलीं. आपल्या कागदांस तीं लावतांना कांहीं दोष उद्भवतात. मोठे असे चार येथें देतों.

पहिला आंकड्यांचा. मार्कडाउनचा जो पक्का नियमग्रंथ कॉमनमार्क या नांवानें २०१४ सालीं पुढें आला, त्याप्रमाणें यादीचा क्रमांक रोमन लिपीबरोबर वापरले जाणाऱ्या आंकड्यांतच असावा लागतो. ‘१.’, ‘२.’ असें देवनागरींत लिहिल्यास ती यादी समजली जात नाहीं व सर्व ओळी एका परिच्छेदांत गोळा होतात. उलट इंग्रजी आंकडे घातले तर याहून वाईट घडतें. नमुन्यादाखल असें समजूं कीं, अस्सल कागदांत ३, ४ व ७ हीं कलमें आहेत, व ५ आणि ६ यांचा भाग फाटला आहे. नियम असा कीं पहिल्या कलमाचा क्रमांक तेवढा मानावयाचा, पुढचे दुर्लक्षावयाचे. सबब छापील प्रतींत ३, ४, ५ असें उमटतें. फाटलेला भाग नाहींसा झाला, सातवें कलम पांचवें झालें, आणि वाचणारास संशयही येत नाहीं. देवनागरी आंकड्यांनीं होणारी चूक डोळ्यांस दिसते. ही दिसत नाहीं. दिसणारी चूक कोणीतरी सुधारतो. न दिसणारी पुरावा म्हणून पुढें जाते. तूर्त उपाय एवढाच कीं, आंकडे देवनागरींत ठेवावे आणि पँडॉकला ओळी मोडूं नयेत अशी आज्ञा द्यावी.

दुसरा दोष दंडाचा. जुन्या हिशेबांत सव्वा म्हणजे ‘१।’, दीड म्हणजे ‘१॥’ व पावणेदोन म्हणजे ‘१॥।’ असें लिहीत. कित्येक कळफलकांवर दंड सहज सांपडत नाहीं, म्हणून त्याऐवजीं इंग्रजी उभी रेघ टंकिली जाते. मार्कडाउनमध्यें ती रेघ तक्त्याच्या रकान्यांची खूण आहे. वसुलाच्या तक्त्यांत दिडाचा आंकडा आला कीं रकाने सरकतात. आणि गिटहबच्या फार प्रचलित बोलीच्या नियमाप्रमाणें मथळ्याहून जादा झालेले रकाने गाळलेच जातात. शेवटच्या रकान्यांतील रक्कम अशा रीतीनें निमूटपणें नाहींशी होते.

तिसरा कंसांचा. शिलालेख व पपायरस यांच्या संपादनासाठीं १९३१ सालीं लायडन येथें ठरलेल्या संकेतांप्रमाणें नष्ट पण अनुमानित अक्षरें चौकोनी कंसांत, व संक्षेपाचा विस्तार गोल कंसांत देतात. मार्कडाउनमध्यें मात्र चौकोनी कंसास लागून गोल कंस आला व त्यांत एकच शब्द असला, तर तो दुवा समजला जाऊन गोल कंसांतील शब्द छापील मजकुरांतून लुप्त होतो. यावर परदेशांत उपाय झाला आहे. पपायरसांच्या अभ्यासकांनीं ‘लायडन प्लस’ नांवाची साध्या मजकुराची रीत बसविली. संपादक ओळखीच्या कंसांनीं लिहितो आणि साधन त्याचें पक्क्या रचनेंत रूपांतर करतें. मोडी कागदांकरितां अशी एक रीत ठरविणें अशक्य नाहीं.

चौथा ‘ऱ्या’चा. ‘गांवकऱ्यांचे’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहिला जातो. डोळ्यांस फरक दिसत नाहीं, पण शोधतांना यंत्रास ते दोन निराळे शब्द वाटतात. पांचशें कागदांत ‘गांवकऱ्यांचे हक्क’ शोधणारास निम्मेच सांपडले, तर बाकीचे नाहींतच असें तो समजेल. प्रत काढण्यापूर्वीं दोहोंचें एकच रूप करणारा एक छोटा नियम याला पुरेसा आहे.

(६) प्रत काढतांना येणारे दोष

पीडीएफचा दोष बहुतेकांच्या परिचयाचा असेल. पान सुंदर दिसतें, पण त्यांतील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली तर वेलांट्या भलतीकडे जातात व जोडाक्षरें फुटतात. कारण पीडीएफमध्यें अक्षरांच्या आकृति जशा दिसतात त्या क्रमानें असतात, आणि ऱ्हस्व इकार तर आपण उच्चारतों नंतर पण काढतों आधीं. आकृतीच्या मागें मूळ मजकूर जोडून ठेवण्याची सोय पीडीएफच्या रचनेंत आहे, व झीटेकमध्यें ती चालूं करतां येते. परंतु ती मुद्दाम चालूं करावी लागते. मराठी दस्तऐवजासाठीं ती आपोआप चालूं असावी, ही मागणी रास्त आहे. तसेंच मजकुराची भाषा मराठी आहे असें आरंभीं नोंदवावें; तशी सोय असलेल्या फॉन्टांत ल व श यांचीं मराठी वळणें त्यामुळेंच येतात.

सूचीचीही एक अडचण आहे. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच पुढें येतो. मराठी वर्णक्रमांत तो ह च्या नंतर आहे. केवळ क्रमांकांवर लावलेली गांवांची सूची म्हणूनच मराठी वाचकास चुकीची वाटते, व हवें तें गांव भलत्या ठिकाणीं सांपडतें.

(७) मोडी व गोंडी

मोडी लिपीस युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं रचलेली गोंडी लिपि २०१७ मध्यें, आणि चंद्रपूरच्या सीमेपलीकडील आदिलाबाद भागांतल्या गुंजाळा गांवच्या हस्तलिखितांवरून ओळखली गेलेली गोंडी लिपि २०१८ मध्यें दाखल झाली. आतां मोडी कागदाचें मोडींतच केलेलें अक्षरशः वाचन व त्याशेजारीं बाळबोध लिप्यंतर, असे दोन्ही एकाच फाईलींत ठेवतां येतात. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो व शब्द सलग असतात. बाळबोध करतांना वाचक जो निर्णय घेतो तो अशा मांडणीनें उघड राहतो, व पुढच्यास तपासतां येतो.

(८) काय करावें

आमच्या मतें आरंभ लहान कामानें व्हावा. कॉमनमार्कच्या नियमग्रंथांत सहाशेंहून अधिक छोटे नमुने असून, साधन बरोबर चालतें कीं नाहीं हें त्यांवर ताडून पाहतात. तसेंच वर सांगितलेल्या प्रत्येक दोषाचा चार ओळींचा एक देवनागरी नमुना व त्याचें अपेक्षित फळ आपण तयार करावें. नुसती तक्रार केल्यानें साधनकर्त्यास मराठीची अडचण कळत नाहीं; असा नमुना दिल्यास ती तत्काळ कळते. दुसरें, पँडॉकमध्यें मूळ साधनास हात न लावतां लुआ भाषेंत छोटे नियम जोडतां येतात. देवनागरी आंकड्यांच्या ओळी राखणें व ‘ऱ्या’ एकरूप करणें हीं कामें त्यांनीं होण्यासारखीं आहेत. तिसरें, मोडी संपादनाचे कंस व खुणा यांविषयीं संशोधकांनीं एक संकेत ठरवावा. हें काम यंत्रज्ञाचें नव्हे, आपलेंच आहे.

गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. संगणक शिकलेलीं मुलें दोन्ही जिल्ह्यांत आहेत. गांवोगांव ग्रामसभा स्वतःचीं दप्तरें राखूं लागल्या आहेत. मोडी वाचणारा, नियम लिहूं शकणारा व कागदाचा खरा धनी, या तिघांची गांठ पडली तर वरील कामास फार खर्च लागणार नाहीं. तोंपर्यंत प्रत्येक अभ्यासकानें एक पथ्य तरी पाळावें. काढलेली प्रत अस्सलाशीं आंकड्यास आंकडा लावून एकदां वाचल्याशिवाय कोणाच्या हातीं देऊं नये.