मधुमेह आणि मधल्या वेळचे खाणे

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. तेथील देवळात एकाच खडकातून कोरलेला भव्य नंदी असून, दरवर्षी कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी त्याच्या परिसरात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नड लोक तिला 'कडलेकायी परिषे' म्हणतात. पिकाची नासधूस करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी आपले पीक वाहिले, अशी दंतकथा आहे. भुईमूग हे पीक मात्र मूळचे दक्षिण अमेरिकेतील होय. जत्रेत कच्च्या, उकडलेल्या व भाजलेल्या शेंगांचे ढीग लागतात. मधुमेह असलेल्या माणसाने या ढिगाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज बनते व ते रक्तात मिसळते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे ग्लुकोज पेशींत पोहोचविण्यास साहाय्य करते. इन्सुलिन अपुरे पडले किंवा त्याचा प्रभाव मंदावला, म्हणजे रक्तातील शर्करा वाढते, हाच मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना हा विकार आहे.

सर्व पदार्थ शर्करा सारख्याच वेगाने वाढवीत नाहीत. १९८१ साली कॅनडातील डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगाची तुलना करणारा 'ग्लायसेमिक निर्देशांक' मांडला. त्यात ग्लुकोजचा अंक १०० धरला, तर शेंगदाण्याचा २० पेक्षाही कमी येतो. याचे कारण असे की, शेंगदाण्यात पिष्ट थोडे असून प्रथिने, स्निग्धांश व तंतू अधिक असतात. उलट चुरमुरे हलके वाटले, तरी त्यांतील तांदळाचे पिष्ट फुलून गेलेले असल्यामुळे लवकर पचते व शर्करा वेगाने चढते.

तथापि, निर्देशांक कमी म्हणून शेंगदाणे कितीही खावेत, असा अर्थ नव्हे. त्यांच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. ३० ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठभर दाण्यांतून सुमारे १७० कॅलरी मिळतात. तेवढे एका वेळी पुरेत. ते बिनमिठाचे भाजलेले किंवा उकडलेले असावेत. तळलेले, खारवलेले दाणे टाळलेले बरे. चिक्कीत गूळ असतो, आणि गूळही मुख्यतः साखरच होय. खवट वा बुरशी आलेले दाणे कोणीच खाऊ नयेत; त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष असू शकते.

कर्नाटकातील 'कोसंबरी' हाही उत्तम पर्याय आहे. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, थोडे खोबरे व लिंबू एवढ्यावर ती होते. आपल्याकडील मटकीची उसळ, फुटाणे, ताक हे पदार्थही याच पंक्तीत बसतात.

येथे एक सावधगिरीची सूचना महत्त्वाची आहे. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाची शर्करा कधी कधी एकदम घसरते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, विचारांचा गोंधळ उडतो. रक्तशर्करा डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता शेंगदाणे उपयोगी पडत नाहीत. त्यांचा एरवीचा गुण, म्हणजे मंद पचन, येथे दोष ठरतो. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, आणि १५ मिनिटांनी शर्करा पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडावाटे काहीही न देता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

कोणता पदार्थ, किती आणि कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न मधुमेही व्यक्तीने खाण्यापूर्वी स्वतःला विचारावेत. औषधांच्या मात्रेशी त्यांचा मेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घालावा. मग जत्रेतल्या मूठभर शेंगा त्यालाही निश्चिंतपणे खाता येतील.