यंत्राच्या हाती अवजार देताना

यंत्र म्हटले की चाके, पट्टे आणि बॉयलर डोळ्यांपुढे उभे राहतात. खटका दाबला की ते चालते, दुसरा दाबला की थांबते. त्याच्याशी बोलावे लागत नाही. आज कचेऱ्यांतून एआय एजंट नावाचे जे नवे यंत्र आले आहे त्याची गोष्ट उलटी आहे. ते शब्दांवरच चालते. शब्द ढिले असले तर कामही ढिले होते. त्याच्या अनेक कामांपैकी एकाच लहानशा कामाचा विचार येथे करावयाचा आहे : दप्तरातल्या फाइलची लिंक आणून देणे.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. एजंटच्या मुळाशी भाषेचे मॉडेल असते. ते स्वतः कपाट उघडत नाही. त्याच्यापुढे अवजारांची एक यादी ठेवलेली असते. या अवजारांना टूल म्हणतात. प्रत्येक टूलची मुख्यतः तीन अंगे मॉडेलला दिसतात : नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरून द्यावयाची त्याचा तक्ता. आपण काही विचारले की मॉडेल ही यादी पाहते, त्यातले एक टूल निवडते आणि मागणीची चिठ्ठी लिहिते. ती घेऊन दुसराच प्रोग्रॅम प्रत्यक्ष काम करतो व उत्तर परत आणतो. 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्यातही ही तीन अंगे आहेत. कारखान्यातल्या स्टोअरच्या खिडकीबाहेर चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या कामगारासारखी मॉडेलची स्थिती असते. आत काय आहे ते त्याने पाटीवरून ओळखावयाचे.

आता समजा, एका कामगार संघटनेच्या दप्तरात असा एजंट आहे आणि त्याच्या टूलचे वर्णन एवढेच आहे : ‘फाइल मिळवते.’ काय मिळते? फाइलमधला मजकूर, की नुसती लिंक? कार्यकर्ता विचारतो, ‘मागच्या करारात रजेचे कलम काय आहे?’ एजंट टूल चालवतो, त्याच्या हाती लिंक येते. मजकूर त्याने वाचलेलाच नसतो. तरीही तो कलम जुळवून सांगण्याचा संभव असतो, आणि ते खऱ्यासारखेच दिसते. वाटाघाटीच्या टेबलावर असले कलम वाचून दाखवले तर संघटनेची पत काय राहील?

दुसरा धोका याहून मोठा आहे. लिंका सगळ्या सारख्या नसतात. एक लिंक उघडताना ओळख विचारते. दुसरी ठरावीक मुदतीची असते. ॲमेझॉनच्या एस-3 साठवणीत अशी लिंक फार तर 7 दिवस चालू ठेवता येते, पण मुदतीत ती ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल उघडता येते. तिसरी सर्वांना कायमची खुली असते. ‘शेअर करण्याची लिंक देते’ एवढेच वर्णन असेल आणि टूल आतून तिसऱ्या प्रकारची लिंक तयार करीत असेल, तर नव्या संघटनेच्या सभासदांची यादी एखाद्या दिवशी मालकाच्या टेबलावर जाऊन पडेल. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे एक चूल असते, हे आपणांस सांगावयास नको.

मग वर्णन कसे असावे? माझ्या मते असे :

‘फाइलचा क्रमांक दिल्यावर तिची एक तास चालणारी, फक्त वाचण्यासाठीची लिंक देते. फाइलमधला मजकूर देत नाही. मजकुराविषयीच्या प्रश्नाला “फाइल वाचा” हे टूल वापरावे. क्रमांक “फाइल शोधा” या टूलकडून घ्यावा, अंदाजाने लिहू नये. एकाच नावाच्या अनेक फाइली निघाल्या तर मागणाऱ्याला विचारावे. मुदतीत लिंक कोणालाही उघडता येते, म्हणून ज्याने मागितली त्यालाच द्यावी. फाइल नसेल तर “सापडली नाही” आणि अधिकार नसेल तर “परवानगी नाही” असे उत्तर येते.’

यात पाच गोष्टी आल्या : टूल काय करते, काय करीत नाही, त्याला काय द्यावयाचे, त्याच्याकडून काय येते, आणि काम अडले तर काय कळते. शेवटची गोष्ट पुष्कळदा राहून जाते. ‘चूक झाली’ एवढेच उत्तर आले तर एजंट तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा पाठवीत बसेल, किंवा असलेली फाइल नाही म्हणून सांगेल. मात्र वर्णन लांबवण्यातही शहाणपण नाही. साधारणतः सगळ्या टूलांची वर्णने प्रत्येक वेळी मॉडेलपुढे ठेवावी लागतात. पाल्हाळात कामाचे वाक्य हरवते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. ‘इतरांना देऊ नये’ असे लिहिल्याने फाइल सुरक्षित होत नाही. परवानगीची तपासणी टूलच्या प्रोग्रॅमनेच करावयास हवी. वर्णनाने योग्य निवड होते, अयोग्य निवड अडते ती तपासणीने. दोन्ही हवीत.

आपल्या चळवळीला हा धडा नवा नाही. 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला, त्याचा हेतूच हा होता की नोकरीच्या अटी पुरेशा नेमक्या शब्दांत लिहिल्या जाव्यात आणि कामगारांना कळाव्यात. बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत त्या दरवाजाजवळ लावण्याचे बंधन त्यात होते. मोघम शब्दाचा अर्थ बलवान पक्ष लावतो आणि त्याचा भार दुबळ्यावर पडतो, हा अनुभव त्यामागे होता. टूलच्या वर्णनातला मोघम शब्दही शेवटी कोणाच्या तरी पगारावर, नोकरीवर जाऊन आदळतो.

म्हणून हे लेखन केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडू नये. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवावे. मग दहा खरे प्रश्न एजंटला विचारून पाहावेत, आणि त्यांत ज्यांना हे टूल वापरावयाचेच नाही असे चार तरी असावेत. जेथे तो चुकेल तेथे आधी आपले वाक्य तपासावे.